दिव्यांग ओळखपत्र असताना ‘नो पार्किंग’ रस्त्यावर गाडी उभी करता येते का?

बार्देशची लेक

सर्वांना नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. मधुमेहामुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाय बसवला आहे, परंतु तो लावून ते जेमतेम वीस-पंचवीस पावले चालू शकतात, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर तेवढीही नाही. त्यांच्याकडे केंद्र सरकारचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र आहे, त्यावर ७० टक्के अपंगत्व नोंदलेले आहे आणि कार्डावर पिवळी पट्टी आहे.

आठवड्यातून दोनदा मी त्यांना उत्तर गोव्यातील एका शहरात फिजिओथेरपीसाठी नेते. दवाखाना ज्या रस्त्यावर आहे तो अरुंद असून एका बाजूला पूर्ण लांबीभर ‘नो पार्किंग’ आणि दुसऱ्या बाजूला फक्त दुचाकींना जागा आहे. चारचाकींसाठी सर्वांत जवळचा वाहनतळ सुमारे ४०० मीटरवर आहे. गेल्या मंगळवारी मी गाडी दवाखान्यासमोर उभी केली, काचेच्या आत वडिलांचे कार्ड दिसेल असे ठेवले आणि त्यांना धरून आत नेले. बाबांना खुर्चीत बसवून, नाव नोंदवून मी बाहेर आले तोवर बारा मिनिटे झाली असतील, आणि चाकाला क्लँप लागलेला होता. तेथील कर्मचाऱ्याला मी कार्ड दाखवले. त्याने ते नीट पाहिले, माझ्याशी तो उद्धटपणे वागला नाही, परंतु ‘या कार्डावर पार्किंगचे काही लिहिलेले नाही, मॅडम’ एवढेच म्हणाला. दंड भरून मी गाडी सोडवली.

माझे भावोजी इंग्लंडमध्ये असतात. त्यांचे म्हणणे असे की तेथे अपंग व्यक्तीला निळा बॅज मिळतो आणि तो असला की मनाईच्या रेषेवरही गाडी लावता येते, तसेच आपल्याकडेही असणारच, तू नीट विचारले नसशील. म्हणून येथे विचारते. यूडीआयडी कार्डधारकाला आपल्याकडे अशी सवलत कायद्याने आहे का? नसेल, तर त्या रस्त्यावर दिव्यांगांसाठी एक जागा राखून घेण्याचा काही मार्ग आहे का? दंडाचे पैसे परत मिळवणे हा माझा उद्देश नाही. पुढल्या मंगळवारी बाबांना कोठे उतरवायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

---

कोर्टाची पायरी

नमस्कार ताई. मी फोंड्याचा, वकिलीच्या निमित्ताने मोटार वाहन कायद्याशी बरीच वर्षे संबंध आला आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो, कारण त्याबाबत आशा लावून ठेवणे बरे नव्हे. यूडीआयडी कार्ड हा अपंगत्वाचा पुरावा आहे, पार्किंगचा परवाना नव्हे. इंग्लंडच्या निळ्या बॅजसारखा, देशभर चालणारा आणि रस्त्यावरील मनाईतून सूट देणारा बॅज आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. कार्डाच्या पट्टीच्या रंगाचाही येथे संबंध नाही. ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० पर्यंत पिवळा आणि त्यावर निळा, असे ते रंग केवळ अपंगत्वाचे प्रमाण दाखवतात. निळ्या पट्टीचे कार्ड असलेल्या अनेकांची समजूत होते की हाच तो निळा बॅज, तसे नाही.

आता तो ‘नो पार्किंग’चा फलक तेथे आला कसा, हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली वाहतुकीवर निर्बंध घालणे, फलक लावणे आणि वाहने कोठे उभी राहतील ते ठरवणे हे अधिकार येतात. आपल्या गोव्यात हे आदेश सहसा जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, अधिसूचना काढून देतात. कलम ११७ मध्ये तर वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात असे स्पष्टच म्हटले आहे. फलक जसा कागदावरील आदेशाने उभा राहिला, तसा त्यात बदलही कागदावरील आदेशानेच होतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला त्यातून सूट देण्याचा अधिकार नाही. मनाईच्या जागी सोडलेल्या गाडीला क्लँप लावण्याची किंवा ती ओढून नेण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे, त्यामुळे त्या कर्मचाऱ्याने नियमाबाहेर काही केले असे मला वाटत नाही. त्याने थोडे थांबायला हवे होते, हे मात्र मीही म्हणेन.

एक भेद लक्षात ठेवा. ‘नो पार्किंग’च्या फलकावर एकच तिरपी लाल रेघ असते, तर ‘थांबण्यास मनाई’च्या फलकावर फुलीसारख्या दोन रेघा असतात. पहिल्या फलकाखाली माणूस उतरवण्यापुरते थांबणे आणि गाडी सोडून आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकट्या असल्याने गाडी सोडावी लागते, हीच खरी अडचण आहे. चालक जागेवर बसून राहिला आणि दुसऱ्या कोणी वडिलांना आत नेले, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. दवाखान्याला आधी फोन करून, मदतनीस दारात उभा ठेवा असे सांगता येईल का, ते पाहा. तो कायमचा उपाय नव्हे, पुढल्या मंगळवारपुरता आहे.

कायमच्या उपायाकडे येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, २०१६ आपल्या बाजूने बरेच काही सांगतो, फक्त त्यातील बरोबर ठिकाणी बोट ठेवायला हवे. त्या कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दात केवळ सरकारी कचेऱ्या येत नाहीत. सर्वसामान्य लोक वापरतात अशी खासगी इमारतही येते, आणि वैद्यकीय सेवा देणारी इमारत त्यात नावानिशी आहे. म्हणजे आपला दवाखाना ज्या इमारतीत आहे तिलाही सुगम्यतेचे निकष लागू आहेत. जुन्या इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिलेली होती आणि ते नियम २०१७ चे आहेत, तेव्हा ती मुदत कधीच संपली. इमारतीच्या आवारात एक-दोन गाड्या मावत असतील, तर पहिली मागणी इमारतमालकाकडे लेखी करा.

आवारच नसेल, तर रस्त्यावरील राखीव जागेची मागणी करायची. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि त्याची प्रत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना व वाहतूक पोलिसांना द्या. अर्जात ‘माझ्या वडिलांसाठी’ असे लिहू नका, ‘या दवाखान्यात येणाऱ्या दिव्यांग रुग्णांसाठी’ असे लिहा. एका कुटुंबाची सोय म्हणून आलेला अर्ज सहज बाजूला पडतो. सोबत रस्त्याचा हाताने काढलेला साधा नकाशा, रुंदीचे माप आणि फोटो जोडा. त्याच वेळी माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचे शुल्क भरून, त्या रस्त्याच्या मनाईच्या अधिसूचनेची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझ्या अनुभवात कधी कधी अधिसूचना फक्त काही तासांपुरती किंवा रस्त्याच्या काही भागापुरती निघते आणि फलक मात्र सरसकट लागलेला असतो. तसे असेल तर आपले काम निम्मे होईल.

उत्तरच आले नाही, तर गोव्यात दिव्यांग व्यक्तींसाठी राज्य आयुक्त आहेत. २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० खाली त्यांच्याकडे तक्रार करता येते आणि चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचे असते. माझ्या मते या तरतुदीचा उपयोग लोक फार कमी करतात.

शेवटचा मुद्दा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात असे ठरवले की सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातील किमान भाग बंधनकारक असलाच पाहिजे. २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) त्याच कारणाने रद्द ठरला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखण्यास सांगितले गेले. अर्जात या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

---

डिचोलीची सून

नमस्कार. मी नऊ वर्षे इंग्लंडमध्ये होते आणि माझ्या सासूबाईंकडे तो निळा बॅज होता, म्हणून त्याविषयी नेमके लिहिते. भावोजींनी सांगितलेले खोटे नाही, परंतु अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट माहितीमुळे तेथेही पुष्कळांना दंड होतो.

तेथे रस्त्याच्या कडेला एक किंवा दोन पिवळ्या रेषा म्हणजे थांबण्यावर निर्बंध. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅजधारकाला या रेषांवर जास्तीत जास्त तीन तास गाडी लावता येते. बॅजसोबत पुठ्ठ्याचे एक घड्याळ मिळते, त्यावर पोहोचल्याची वेळ लावून ते बॅजशेजारी काचेत ठेवायचे असते. तीन तास झाल्यावर गाडी हलवली तर त्याच रस्त्यावर किमान एक तास परत लावता येत नाही. स्कॉटलंडमध्ये ही तीन तासांची मर्यादा नाही. पैसे भरून गाडी लावण्याच्या सरकारी रस्त्यावरील जागा बॅजधारकाला सहसा विनाशुल्क असतात.

मात्र फुटपाथच्या कडेवर छोट्या आडव्या पिवळ्या खुणा असल्या, तर तेथे माल चढवण्या-उतरवण्यासही मनाई असते, आणि अशा ठिकाणी बॅज चालत नाही. पादचारी ओलांडतात तेथील नागमोडी रेषा, शाळेसमोरची खूण आणि सुरू असताना बसची मार्गिका येथेही तो चालत नाही. खासगी दुकानांच्या वाहनतळात त्या त्या मालकाचे नियम असतात. मध्य लंडनच्या काही भागांत, उदाहरणार्थ वेस्टमिन्स्टरमध्ये, ही योजना पूर्णपणे लागूच नाही. एकदा आम्ही हे न वाचता गेलो आणि दिवसभराची हौस दंडात गेली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की तो बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सासूबाई ज्या गाडीत बसतील त्या गाडीत तो ठेवायचा, मग ती शेजाऱ्याची का असेना. उलट, त्या घरी असताना आम्ही तो वापरला असता तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकत होता. त्या गाडीतच बसून राहणार आणि दुकानात फक्त मुलगा जाणार, अशा वेळीही तो वापरायचा नसतो. आपल्याकडे कधी अशी योजना आली, तर ती गाडीच्या क्रमांकाशी न बांधता माणसाशी बांधावी असे मला मनापासून वाटते, कारण बाबांना कधी मुलगी नेते, कधी पुतण्या, कधी भाड्याची टॅक्सी.

आणि ही सोय तेथे आयती आलेली नाही. १९७० च्या एका कायद्यातून ती निघाली, आधी बॅज नारिंगी होता आणि २००० पासून तो निळा झाला. चालण्यास अडथळा न दिसणाऱ्या, परंतु बाहेर पडणे अतिशय कठीण जाणाऱ्या आजारांच्या लोकांना इंग्लंडमध्ये तो मिळू लागला तो २०१९ मध्ये. तेव्हा आपल्याकडे नाही म्हणून खचून जाऊ नका, ताई.

---

तिचाकी

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी स्वतः पोलिओमुळे दोन्ही पायांनी अधू आहे आणि मागे जोडचाके बसवलेली स्कूटर चालवतो. वकीलसाहेबांनी अर्ज कोणाकडे करायचा ते सांगितले. त्या अर्जात काय मागायचे, याबद्दल मला लिहायचे आहे. जागा मिळते, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवले जाते, आणि तरीही ती आमच्या उपयोगाची नसते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मला पहिला राग मापांचाच येतो.

साधी गाडी लावण्याची जागा अडीच मीटर रुंद धरतात. दिव्यांगांसाठीच्या जागेची किमान रुंदी केंद्र सरकारच्या निकषांत ३.६ मीटर आहे आणि ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. ही जादा रुंदी चैनीसाठी नाही. गाडीचे दार पूर्ण उघडून त्याच्या शेजारी चाकाची खुर्ची लावायची, त्या खुर्चीत शरीर सरकवायचे आणि मग खुर्ची वळवायची, याला तेवढी जागा लागतेच. आपल्या वडिलांना खुर्ची लागत नसली, तरी कृत्रिम पाय बाहेर काढताना दार अर्धेच उघडले तर पाय अडकतो आणि तोल जातो. त्यामुळे अर्जात ‘एक राखीव जागा’ एवढेच लिहू नका, रुंदी ३.६ मीटर आणि लांबी ५ मीटर असे माप लिहा.

त्या रुंदीतील तिरप्या पट्ट्यांचा भाग लोकांना मोकळा वाटतो आणि तेथे दुचाकी येऊन उभ्या राहतात. मग गाडी लावता येते, पण गाडीतून उतरता येत नाही. आपल्या रस्त्यावर दुसरी बाजू दुचाकींचीच आहे, म्हणजे हे होणारच. म्हणून पट्ट्यांच्या टोकाला एक-दोन खुंट मागा, परंतु ते असे लावायला सांगा की खुर्ची त्यांच्यामधून निघेल. दोन खुंटांत किमान ९० सेंटिमीटर अंतर हवे.

आता फुटपाथ. आपल्याकडे पाऊस असल्याने गटाराच्या वर उंच कड बांधतात. गाडीतून उतरल्यावर समोर नऊ इंचांची पायरी आली, तर राखीव जागेचा उपयोग काय? जागेला लागून कड उतरती करून मागा, आणि उतार गुळगुळीत लाद्यांचा नको. उताराच्या तोंडाशी गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठीचे टोक आत जाते. हे मी पडून शिकलो आहे.

आणखी एक गोष्ट, सणांची. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचे, सामान घेऊन गावोगावचे लोक बाजारात बसतात, ते बसायलाच हवेत, त्यांच्याशिवाय आपली चतुर्थी होत नाही. परंतु त्या दिवसांत राखीव जागा सर्वांत आधी जाते, कारण ती रिकामी दिसते. अर्जातच विनंती करा की सणासुदीला वाहतुकीत तात्पुरते बदल करताना ही जागा हलवावी लागली, तर दवाखान्याच्या ३० मीटरच्या आतच दुसरी जागा दाखवावी.

---

साखळीकर

एक छोटी सूचना. आपली गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर नोंदणीत मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा लावून घेता येतो. २०२० मध्ये केंद्राने वाहन नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, ही नोंद आणली. तिच्यामुळे मनाईच्या जागी गाडी लावण्याचा हक्क मिळत नाही, हे वर आलेलेच आहे. परंतु राखीव जागेत गाडी उभी असताना कोणी हटकले, तर नोंदणीचे पुस्तकच बोलते.

---

बार्देशची लेक

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काही गोष्टी कळवते.

काल संध्याकाळी टेप घेऊन मी आणि माझा भाऊ त्या रस्त्यावर गेलो. दवाखान्यासमोर, फलकाच्या बाजूला, रस्ता ७.१ मीटर रुंद आहे. दुचाकींची रांग २ मीटर व्यापते. म्हणजे तेथे ३.६ मीटरची जागा आखली तर जाण्यासाठी दीड मीटर उरेल, हे शक्य नाही. परंतु दवाखान्याच्या पुढे २२ मीटरवर, जेथे जुनी विहीर बुजवून कट्टा केला आहे, तेथे रस्ता फुगतो आणि रुंदी ९.८ मीटर होते. आज तेथे कोणाचा तरी जुना, हवा गेलेल्या चाकांचा टेम्पो उभा आहे. आम्ही फोटो काढले आणि नकाशात तीच जागा दाखवली. ‘तिचाकी’ यांनी सांगितले नसते तर मी दवाखान्याच्या दारासमोरच जागा मागितली असती आणि अर्ज योग्य कारणानेच फेटाळला गेला असता.

दवाखान्याच्या डॉक्टरांना ‘दिव्यांग रुग्णांसाठी’ हा शब्दप्रयोग पटला. त्यांनी स्वतःच्या शीर्षपत्रावर लिहून दिले की आठवड्याला साधारण किती रुग्ण काठी, वॉकर किंवा खुर्ची घेऊन येतात. तो कागद अर्जाला जोडते आहे. मदतनीस दारात उभा ठेवण्यासही ते तयार झाले, त्यामुळे या मंगळवारी बाबांना उतरवून मी गाडी वाहनतळावर नेऊन लावू शकेन.

वकीलसाहेबांना एकच विचारायचे आहे. त्या कट्ट्याच्या जागी मनाईचा फलक आहे, परंतु ती जागा रस्त्याची की कोणाच्या खासगी मालकीची, हे कट्ट्यामुळे कळत नाही. अर्ज देण्याआधी तेथील सर्वेक्षण नकाशा पाहावा लागेल का?

---

कोर्टाची पायरी

होय, आधी तोच पाहा. सर्वेक्षण क्रमांक मिळाला की नकाशात रस्त्याची हद्द दिसेल. जागा रस्त्याच्या हद्दीत असेल तर अर्ज जसा आहे तसा द्या. खासगी निघाली, तर मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय जिल्हा दंडाधिकारी तेथे जागा आखू शकणार नाहीत. त्या परिस्थितीत मालकाशी बोलायला डॉक्टरांना सोबत न्या. टेम्पोबद्दल वेगळी तक्रार वाहतूक पोलिसांकडे द्या, ती या अर्जात मिसळू नका. आणि अर्ज दिल्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.